फ्लॉपी गेली, पाकीट राहिलं

१

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मन्मथनं लोखंडी कपाट उघडलं, आत हात घातला आणि तो हात तसाच आत राहिला.

"काका," तो म्हणाला, "फ्लॉपी न्हाई."

कोपऱ्यात उर्दू दफ्तरात नाक खुपसून बसलेल्या दगडोबा काकांना आधी वाटलं, आपल्याच हातून काही झालं असणार. स्वभावच तसा. नांदेडच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तरी रस्त्यात कुणी "अहो" म्हणून हाक मारली की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. लातूरला ते महिन्यापूर्वी आले, तेही मन्मथनं दोनदा पत्र पाठवलं म्हणून. काम मात्र त्यांच्या जोगतं होतं. लातूर जिल्हा होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. उदगीर-निलंग्याकडची गावं निजामाच्या वेळी बिदरात, मग उस्मानाबादेत आणि आता लातुरात. जुने कागद उर्दूत, नवे मराठीत आणि एकाच गावाची तीन-तीन नावं. त्यात दुष्काळ. कोणत्या गावाला टँकर गेला, कोणत्या गावाची विहीर आटली, याचा मेळ कुणालाच लागेना. मन्मथनं त्यासाठी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिला होता. दगडोबा काका उर्दू दफ्तर वाचत, शिवम्मा गावं टाईप करी.

उर्दू वाचणारा म्हातारा घरात सापडल्यावर लोक त्याच्याकडून नुसतं उर्दूच वाचून घेतात असं नाही. आल्यापासून काकांनी औषधाच्या बाटल्या वाचल्या, उदगीरहून आलेली पत्रं वाचली, पंचांग वाचलं, शेजारच्या बाईच्या शिवणयंत्राचं माहितीपत्रकसुद्धा वाचलं.

"कोणती फ्लॉपी?" काकांनी विचारलं.

"लायसनची."

शिवम्माचे हात टाईप करता करता थांबले.

मन्मथनं कपाटातून पांढरं कागदी पाकीट बाहेर काढलं. फ्लॉपी याच पाकिटात राहायची. पाकीट जागच्या जागी होतं. आत काही नव्हतं.

२

लायसनची गोष्ट अशी. मन्मथचा पहिला, टँकरच्या हिशेबाचा प्रोग्राम त्याचा जुना सोबती सिद्धराम नांदेडला घेऊन गेला आणि एका दुकानात बिनदिक्कत चालवू लागला. मन्मथला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. सहा महिन्यांचं काम आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं! म्हणून नव्या प्रोग्रामला त्यानं पहारा बसवला. एका फ्लॉपीवर सुईनं बारीक ओरखडा काढला. प्रोग्राम सुरू झाला की आधी तो ओरखडा शोधायचा. नक्कल केलेल्या फ्लॉपीवर बाकी सगळं उतरतं, ओरखडा उतरत नाही. ओरखडा सापडला तर प्रोग्राम उघडायचा, नाहीतर 'लायसन दाखवा' म्हणून अडून बसायचा. एवढ्यावर न थांबता मन्मथनं गावांची सगळी यादी त्या ओरखड्याच्या जागेवरून निघणाऱ्या आकड्यानं कुलूपबंद केली होती. तो आकडा त्यानं कुठं लिहूनही ठेवला नव्हता. लिहिला तर चोरीला जाईल म्हणे.

"म्हणजे आता यादी?" काकांनी विचारलं.

"चिवडा हाय, काका. नुसता चिवडा. नऊशे गावांचा."

"दुसरी फ्लॉपी?"

"केली न्हाई."

"दुसरा ओरखडा?"

"बरोबर त्याच जागी? सुईनं? देवानं काढला तरी जमायचं न्हाई." मन्मथ मटकन खुर्चीत बसला. "लई पक्कं कुलूप केलं, काका. इतकं पक्कं की मीच बाहेर."

हसावं की रडावं ते काकांना कळेना. तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. मन्मथचे मामा, वीरभद्र अप्पा. खालचं बियाण्यांचं दुकान त्यांचं, वरची खोली त्यांची, कॉम्प्युटरही त्यांनीच घेतलेला. सोमवारी अकरा वाजता जिल्ह्याच्या कचेरीत साहेबांपुढं हा प्रोग्राम दाखवायचा होता. अप्पांनी त्यासाठी नवं धोतर काढून ठेवलं होतं.

त्यांनी मन्मथचं ऐकलं, पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि शिवम्माकडं वळले.

"काल सांजच्याला बसस्टँडवर सिद्धरामसंगं कोण उभं होतं?"

शिवम्माचा चेहरा उतरला. "मी होते, अप्पा."

"त्यानं पांढरं पाकीट दिलं का तुला?"

"हाव. पर ते..."

"बस." अप्पांनी हात वर केला. "मी बोंब मारणारा माणूस न्हाई. घरात कुणाला सांगणार न्हाई, तुझ्या बापालाबी न्हाई. रविवारी सांजपर्यंत फ्लॉपी कपाटात दिसली तर दिसली. न्हाईतर सोमवारी कामाला येऊ नको."

"चोर म्हणायलेत मला?"

अप्पांनी पाकीट मेजावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. तेच जास्त लागलं. निलंग्याजवळच्या गावातून ही पोरगी टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली म्हणून लातुरात आली होती. चोरीचा आळ घेऊन परत गेली असती तर पुन्हा कुणी तिला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नसतं.

"काका," मन्मथ हळूच म्हणाला, "वाचनालयात हरवलेली पुस्तकं तुम्हीच शोधायचे ना?"

"पुस्तकं वेगळी रे. मला नाही वाटत मला जमेल."

पण पाकीट त्यांनी हातात घेतलं होतं, आणि ते खाली ठेवायला त्यांचं मन तयार होईना. पाकिटाच्या कडेला बोटाचा एक पिवळा ठसा होता.

३

शिवम्माला प्रश्न विचारताना काकाच घाबरले होते.

"रागावू नकोस, पोरी. मी विचारतो म्हणजे संशय घेतो असं नाही. घेतही असेन. पण घेत नाही."

शिवम्मा डोळे पुसता पुसता हसली. "विचारा की ओ काका."

"शेवटची कधी पाहिलीस फ्लॉपी?"

"काल दुपारी. मन्मथभाऊ जेवायला गेले होते. मी फडक्यानं सगळ्या फ्लॉप्या पुसून पाकिटात घातल्या. तेव्हा अप्पांच्या घरून मामी ताक घेऊन वर आल्या. बसल्या थोडं. ह्या काळ्या पापडात एवढी गावं कशी मावतात म्हणाल्या, सोमवारी सायबाकडं कोणता पापड जाणार म्हणाल्या, तुझं लगीन कधी म्हणाल्या."

"तू काय सांगितलंस?"

"लगीन न्हाई म्हणलं."

"आणि पापड?"

"लाल टिकलीवाला जाणार म्हणलं. मग सांजच्याला मन्मथभाऊंनी कपाटाला कुलूप घातलं अन किल्ल्या अप्पांच्या घरी देवघरात टांगल्या, रोजच्यासारख्या."

"फ्लॉपी हातात कशी धरतात गं?"

"पाकिटासकट. उघडी धरायचीच न्हाई. बोट लागलं की मेली. मन्मथभाऊंनी पहिल्या दिवशी शपथ घातली होती."

"बरं. ते सिद्धरामचं पाकीट?"

शिवम्मानं ओठ घट्ट मिटले. "ते सोमवारनंतर सांगते. शब्द दिलाय."

"पोरी, सोमवारनंतर तू इथं नसशील."

तिनं फडकं उचललं आणि पडदा पुसू लागली. काकांना तिच्या हट्टाचं कौतुक वाटलं आणि भीतीही. खरोखरच तिनं घेतली असली तर? आपण माणसांना ओळखण्यात कायमच कच्चे. पुस्तकांची पानं फाडून नेणारे सगळे आपल्याला सज्जनच वाटायचे.

४

सिद्धराम बसस्टँडसमोरच्या एका खानावळीत सापडला. शनिवारची दुपार. हंड्याला साखळी लावलेली, पाणी मागून प्यायचं. काकांना पाहून तो उठलाच.

"काका, तुमीबी? मारायला मन्मथ का न्हाई आला?"

"मी मारायला नाही आलो. मला येतच नाही मारायला."

सिद्धराम खो खो हसला. मग काकांनी फ्लॉपी गेल्याचं सांगितलं आणि त्याचं हसू मावळलं.

"आता सगळे माझं नाव घेणार," तो म्हणाला.

"घेतलंच आहे."

"अन शिवम्माचं?"

"तिचं आधी."

सिद्धरामनं ताट बाजूला सारलं. "काका, त्या पाकिटात माझा माफीनामा हाय. मन्मथला. नांदेडात त्याचा चोरलेला प्रोग्राम चालवून राहिलो खरं, पर त्यात चुका निघून राहिल्या अन मला दुरुस्त करता येईना. मुदखेडचा टँकर एकदा किनवटला गेला, काका! ड्रायव्हरनं मला अशा शिव्या घातल्या... मला रीतसर लायसन पाहिजे. नांदेडसाठी. त्याच्याच नावानं. पर सोमवारच्या आधी दिलं तर त्याचं डोकं फिरंल, म्हणून शिवम्माला म्हणलं, सोमवारी काम झालं की दे. ती म्हणली, शब्द."

"काल सकाळी तू कुठं होतास?"

"इथंच, भाकरी खात. विचारा सावकारणीला."

खानावळीच्या नागुबाई चुलीवरूनच ओरडल्या, "हाव, होता! चार भाकरी खाल्ल्या अन पाच तांबे पाणी पिला, अशा दिवसांत!"

काका परत निघाले. सिद्धराम नाही. शिवम्मा? तिला फ्लॉपी देण्यासाठी कुणी गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. मग चोरणारा कोण, आणि कशाला?

पायाखाली धूळ उडत होती. समोरून टँकर आला, मागं घागरी घेतलेल्या बाया पळत होत्या, आणि त्यातलीच एक घागर चुकवताना काकांच्या मनात एकदम लख्ख झालं: चोरानं पाकीट का ठेवलं?

ते रस्त्याच्या मधोमध थांबले. टँकरवाल्यानं जोरात भोंगा वाजवला.

५

रविवारी सकाळी नऊ वाजता काकांनी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. म्हणजे बोलावलं मन्मथनं. काकांनी फक्त मान हलवली. अप्पा आले, शिवम्मा आली, पार्वतम्मा मामी चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. चारचौघांपुढं बोलायचं म्हणजे काकांच्या जिभेला कोरड पडायची. म्हणून ते कपाटाकडं तोंड करून बोलू लागले.

"मी चुकत असेन. सिद्धरामच्या पाकिटात नुसती चिठ्ठी आहे, ती सोमवारी कळेलच. पण फ्लॉपी घेणाऱ्यानं पाकीट मागं ठेवलं. मन्मथनं घेतली असती तर पाकिटासकट घेतली असती. शिवम्मानं, सिद्धरामनं, कॉम्प्युटरला हात लावलेल्या कुणीही घेतली असती, तरी पाकिटासकटच. जिच्यासाठी एवढी चोरी करायची, ती उघड्या बोटांनी कोण धरेल? तेव्हा घेणाऱ्याला फ्लॉपीतलं काहीच कळत नव्हतं. त्याला वाटलं, पाकीट म्हणजे नुसतं वेष्टन. देवापुढं ठेवायची वस्तू वेष्टनातून काढूनच ठेवतात."

"देवापुढं?" अप्पा म्हणाले.

"थांबा, अप्पा, माझा धागा तुटेल. कपाट फोडलं नाही, किल्लीनं उघडलं. किल्ली तुमच्या देवघरात. म्हणजे घरातलं माणूस."

अप्पा उठून उभे राहिले. "मी घेतली म्हणायलाव?"

"नाही, नाही!" काका कपाटाला जवळजवळ चिकटले. "पाकिटावर पिवळा ठसा आहे. तुमच्या बोटाला भस्म असतं, अप्पा. पांढरं. हा हळदीचा आहे."

खोलीत चहाच्या कपबशा किणकिणल्या.

"आता कशाला, ते सांगतो. त्यात माझाही हात आहे. गुरुवारी मला कुणीतरी विचारलं, सोमवारी पूर्वेला निघायचं असलं तर कसं? मी पंचांग पाहून सांगितलं, सोमवारी पूर्वेला दिशाशूल, निघू नये. मला वाटलं, माहेरी जायचं असेल. कचेरी आपल्या घराच्या पूर्वेला आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही." त्यांनी घसा साफ केला. "वाईट दिवशी निघणं टळत नसलं तर आपल्याकडं काय करतात? चांगल्या दिवशी प्रवासातली एक वस्तू, हळदी-तांदळासकट, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला. शुक्रवारी सकाळी या फ्लॉपीचं पस्तान ठेवलं गेलं. तेव्हा फ्लॉपी चोरीला गेलेली नाही. ती सोमवारच्या वाटेला लागली आहे. पूर्वेकडं, याच गल्लीत, कुणाच्या तरी भिंतीतल्या देवळीत असेल. चुकत असेन तर..."

"मोडलं की ओ!" दारातून पार्वतम्मांचा आवाज आला. "पस्तानाचं बोलायचं नसतंय, अन तुमी तर व्याख्यान दिलाव!"

सगळे त्यांच्याकडं वळले. मामींनी चहाचं ताट मेजावर आदळलं.

"मीच ठेवलं. पोराचं पहिलं काम, अन निघायचं शुळावर? लाल टिकलीचा पापड घेतला, सुपारी घातली, सरजाबाईच्या गिरणीत ठेवला. सोमवारी जाता जाता उचलायचा होता. एवढं काय झालं त्यात?"

"मामी," मन्मथ कपाळाला हात लावून म्हणाला, "तीन दिवस शोधायलोय आम्ही!"

"मला कुणी सांगितलं?"

"अप्पांनी घरात ब्र काढू दिला नाही," काका कपाटालाच म्हणाले. "आणि सांजपर्यंत सापडली नसती तर शिवम्माला उद्यापासून कामावरून काढणार होते. चोर म्हणून."

मामींनी पदर खोचला. मग नवऱ्याकडं वळल्या. अप्पांनी आयुष्यात अनेक वर्षं आडत-बाजारात आवाज चढवला होता, पण त्या नजरेपुढं ते धोतराचा सोगा सावरत खाली बसले.

"ह्या पोरीला? चोर? अन मला सांगितलं न्हाई?"

"तू बी कुठं सांगितलं..."

"माझं देवाचं होतं! तुमचं कशाचं होतं?"

६

खरी अडचण पुढंच होती. फ्लॉपी जिवंत आहे की हळदीनं मेली, हे उद्याच्या आत पाहायला हवं होतं. मन्मथ ती आणायला निघाला तर मामी जिन्यात आडव्या झाल्या.

"घरी परत आणलं की पस्तान मोडतंय. मग उद्या काय झालं तर मला बोलू नका."

"मामी, फ्लॉपी इथं आणल्याबगर बघू कशी?"

"ते मला इचारू नको. परत येणार न्हाई म्हणजे न्हाई."

अप्पा म्हणाले, हे सगळं थोतांड आहे, बसवण्णांनी कधीच मुहूर्त मोडीत काढले. मामी म्हणाल्या, बसवण्णांनी बाईमाणसाला न विचारता पोरीला चोर ठरवा असंबी सांगितलं होतं का? अप्पा पुन्हा बसले. काकांना वाटलं, आपण उगीच बोललो, पाकीट खालीच ठेवायला हवं होतं.

तेव्हा शिवम्मा बोलली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात धार होती.

"फ्लॉपी घरी यायची न्हाई ना? मग घरच फ्लॉपीकडं नेऊ की. कॉम्प्युटर न्यायचा सरजाबाईकडं. गिरणीला लाईट हाय."

मामींनी बोटं मोजली. "आज रविवार. पूर्वेला काही हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. "जा."

बियाण्यांच्या पोत्यांचा हातगाडा निघाला. त्यावर गोधडी, गोधडीवर कॉम्प्युटर, त्याच्यावर मामीचं इरकली लुगडं. पुढं मन्मथ दांडा ओढत, मागं अप्पा हात लावून, बाजूला शिवम्मा कीबोर्ड पोटाशी धरून. काका शेवटी, वायरी गळ्यात घालून, कुणी आपल्याकडं बघू नये म्हणून अंग चोरत. पण सगळी गल्ली बघत होती.

"अप्पा, टीव्ही घेतलाव का?"

"लगीन हाय का कुणाचं?"

"हाव," मामी ओरडल्या, "पापडाचं!"

सरजाबाईच्या गिरणीत रविवारची गर्दी होती. दहा-बारा बाया ज्वारीचे डबे घेऊन बसल्या होत्या. सरजाबाईनं गिरणी बंद केली, डबेवाल्यांनी कुरकुर केली, आणि मग काय आहे ते बघायला त्याच पुढं सरकल्या. देवळीतून गाठोडं निघालं. हळद, तांदूळ, सुपारी, मध्ये लाल टिकलीची काळी फ्लॉपी. मन्मथनं डोळे मिटले. शिवम्मानं मऊ फडक्यानं एकेक दाणा झाडला, कडेची हळद फुंकून काढली आणि फ्लॉपी यंत्रात सरकवली.

घर्र. घर्र. मग काहीच नाही.

पडद्यावर अक्षरं आली: 'लायसन तपासत आहे' अशा अर्थाची. मन्मथच्या कपाळावरून घामाचा ओघळ पिठात पडला. घर्र. काकांनी मनातल्या मनात आपल्या सगळ्या चुका मोजायला घेतल्या. चौथ्या चुकीला यंत्र शांत झालं आणि यादी उघडली. सरळ, स्वच्छ, वरपासून खालपर्यंत गावं.

"अगं बाई," सरजाबाई म्हणाल्या, "माझं माहेर हाय का त्यात? हाडोळी."

शिवम्मानं नाव टाईप केलं. हाडोळी आलं. विहिरी दोन, दोन्ही कोरड्या. टँकर मंगळवार, शुक्रवार.

"शुक्रवारी टँकर आलाच न्हाई म्हणत होता माझा भाऊ!"

"मग उद्या सायबाला दाखवते," शिवम्मा म्हणाली. "मीच दाखवणार. मन्मथभाऊ, उद्या मीच येणार ना?"

मन्मथनं अप्पांकडं पाहिलं. सगळ्या बायांनी अप्पांकडं पाहिलं. डबे, चाळण्या, पदराखालची लेकरं, सगळं अप्पांकडं वळलं. ते पुढं आले. पिठानं भुरकट झालेल्या मिशा त्यांनी पुसल्या.

"पोरी," ते म्हणाले, "चुकलं माझं."

"अप्पा, जोरात म्हणा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

गिरणीत खसखस पिकली. अप्पांनी छाती भरून घेतली, बाजारात भाव पुकारावा तसा आवाज लावला. "ऐका गं सगळ्या! हिनं काही चोरलं न्हाई! चोर मीच, हिचं चांगलं नाव चोरायला निघालो होतो! लायसनच्या कपाटाच्या दोन किल्ल्या होणार आजपासून, एक मन्मथकडं अन एक हिच्याकडं! घरची किल्लीबी..."

"पुरं ओ, जवारी खोळंबली!" सरजाबाईंनी लगबगीनं कॉम्प्युटर दारापर्यंत ढकलायला लावला आणि खटका वर केला. पट्टा फिरला, जातं गरजू लागलं. अप्पा अजून हात वर करून बोलतच होते. पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. पण बाहेर उन्हात, हातगाड्याच्या कडेवर येऊन बसलेली शिवम्मा त्यांच्या ओठांकडं बघून दर वाक्याला मान हलवत होती, आणि हसत होती.